डॉक्टरसाहेबांच्या गाडीचा वॉल

मामाजी,

आज सकाळी तुमच्या नातवानं एका गाडीला ते तपासणीचं यंत्र लावलं, दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, हे इंजिन तापूनच नाई राह्यलं. हिचा थर्मोस्टॅटच नाई. कोन्या गाढवानं काढून फेकला असंन?" गाडी काळा धूर सोडत होती, पेट्रोल पीत होती, मालक चार ठिकाणी दाखवून वैतागून आपल्याकडे आला होता. मी हातातलं फडकं ठेवलं, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आलो, परत गेलो. पोरगा म्हणाला, "तब्येत बरी नाई का?" तब्येतीला काही झालेलं नाही. मला गाढव म्हणणारा माणूस इतक्या वर्षांनी भेटला, तोही आपल्याच घरातला, आणि आपण कोणाला बोलतोय याचा त्याला पत्ताही नव्हता. तेव्हापासून हात कामाला लागत नाही. दुपारी जेवणही नीट गेलं नाही. शेवटी जॉबकार्डांचा जुना गठ्ठा ओढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहायला बसलो. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते तुमची लेक बोटावर मोजून सांगते. मी मोजत नाही.

मी अल्लीपूरहून तुमच्याकडे आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वर्ध्याला आयटीआय केलेली, हाताला थोडंफार काम, आणि डोक्यात उगाचच हवा. तुम्हाला एकुलती एक लेक आणि कारंज्याच्या हायवेवर हे गॅरेज, मागच्या बाजूला घर. लग्नाआधीच ठरलं होतं की पोरगी कुठे जाणार नाही, जावई इथे येईल. घरजावई होणं कोणाला आवडतं? पण तुम्ही मला कधी तसं वाटू दिलं नाही, आणि खरं सांगू, तोच माझा त्रास होऊन बसला. बाकीच्यांना चहा काचेच्या गिलासात, मला कपबशीत. तुमचा वेल्डर तुमच्याच वयाचा, त्याला तुम्ही दिवसातून दहादा "अबे बैला" म्हणायचे, त्याच्या हातातला पाना हिसकायचे, एकच गोष्ट चारदा विचारून त्याच्या तोंडून खरं काढायचे. आणि मला? "जवाईबापू, हे जरा असं धरा न." बस. माझा नट वाकडा बसला तर तुम्ही मी जेवायला जाईपर्यंत थांबायचे. मी ताटावर बसलो की सैपाकघराच्या खिडकीतून दिसायचं, तुम्ही वाकून माझं काम खोलताय आणि नीट करताय. मी हात धुऊन परत यायचो, तुम्ही बिडी पेटवायचे, दोघंही काही घडलंच नाही असं वागायचो. जावयाला बोलायचं नसतं, जावयाला एक गोष्ट दोनदा विचारायची नसते. मला त्या वेल्डरचा हेवा वाटायचा, मामाजी. एकदा तरी मला बैल म्हणा, असं मनात यायचं.

वॉल काढायचं मला तुम्हीच शिकवलं. थर्मोस्टॅट हा शब्द माझ्या पुस्तकातला, तुमच्याकडे नुसता वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. इंजिनातलं पाणी पुरतं तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. पुस्तकात त्याच्यावर अख्खं पान होतं. तुम्ही ते पान ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे थंड्या मुलखाचं हाय, जवाईबापू. इथं बसल्या जागी पानी उकयते, त्याले अडवून काय करता?" होळी झाली की जी गाडी येईल तिचा वॉल काढायचा आणि डालड्याच्या डब्यात टाकायचा. जीप असो, ट्रक असो, कोणाची अ‍ॅम्बॅसेडर असो. सांगायचं नाही, विचारायचं नाही, काच पुसतात तितकं ते साधं. त्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या तुमच्या हातच्या आणि सगळ्या बिनावॉलच्या. ड्रायव्हर लोक आनंदानं सांगायचे, "काटा खालीच हाय, मिस्त्री!" तापमानाचा काटा खाली म्हणजे गाडी तब्येतीत, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली राहिलेल्या काट्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघायचं नाही.

मग डॉक्टरसाहेबांची ती परदेशी गाडी आली. त्यांचा भाऊ बाहेरदेशातून कायमचा परतला, वर्षभर चालवून कंटाळला आणि ती यांना देऊन टाकली. डॉक्टरसाहेबांना खेडोपाडी पेशंट पाहायला जावं लागे, त्यांना चार चाकं मिळाल्याशी मतलब. तुम्ही बोनेट उघडलं, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कारबेटर नाई? मंग ह्या बाईले पाजते कोन?" मी डिक्शनरी घेऊन तिचं इंग्रजी पुस्तक वाचून तुम्हाला समजावलं. पेट्रोल पिचकाऱ्यांतून उडतं. किती उडवायचं ते सीटखालचा एक डबा ठरवतो. त्या डब्याला तारांवरून बातम्या जातात, हवा किती आली, पाणी किती तापलं. इंजिन थंड असेल तर तो जास्त पेट्रोल देतो, तापलं की हात आखडतो. तुम्ही उकिडवे बसून सगळं ऐकलं, मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे डब्याले तारेवर इश्वास ठेवा लागते?" मी हो म्हटलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

त्याच वैशाखात तुम्ही देवळीला बहिणीकडे लग्नाला गेला होता. भर दुपारी डॉक्टरसाहेबांची गाडी वाफा सोडत आली. मी थंड होऊ दिली, वरचे बोल्ट काढले, वॉल काढला, डालड्याच्या डब्यात टाकला, पाणी भरलं, गाडी दिली. पाऊण तासाचं काम. डब्यात वॉल पडल्याचा आवाजही मला आठवतो, किंवा आता आठवून आठवून मी तो तयार केला असेल. तुम्ही परत आलात तेव्हा लग्नातल्या जेवणाच्या गोष्टी निघाल्या. वॉलची गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच. उन्हाळाभर गाडी छान चालली, पावसाळा गेला. थंडी पडली आणि गाडी काळा धूर ओकू लागली.

तुम्ही आठ दिवस त्या गाडीशी झुंजलात. सकाळी सायलेन्सरच्या मागे उभे राहून डोळे मिटून वास घ्यायचे, तेवढ्यानं डोळ्यांतून पाणी यायचं. प्लग काढले तर सगळे काळे, बोट लावलं की काजळी. ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली, त्यातही पेट्रोल. पेट्रोल जास्त जातंय हे तुम्ही पहिल्याच मिनिटाला सांगितलं. काऊन जातंय, त्याचं कारण मिळेना. हवेची जाळी साफ केली, पिचकाऱ्या एकेक काढून गळतात का पाहिलं, नवे प्लग टाकले. गॅरेजात उभी करून चालू ठेवली की अर्ध्या तासानं धूर कमी व्हायचा, तुमचा चेहरा खुलायचा. डॉक्टरसाहेब सकाळच्या गारठ्यात हायवेला लागले की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चोक ओढून चालल्यावानी वास येते. हिले वाटते का इंजिन थंडच हाय." एवढं म्हणून तुम्ही स्वतःच पाणी किती तापलं ते डब्याला सांगणारी ती बारीक तार शोधलीत, दोन बोटांत धरून ओढून पाहिलीत, खोलून साफ केलीत, पुन्हा दाबून बसवलीत, पुन्हा ओढलीत. "घट्ट हाय," म्हणालात. मी शेजारी उभा होतो.

मग तुम्ही वेल्डरला बोलावलं. "अबे, ह्या गाडीचं काई काहाडलंतं का तू?" नाही म्हणाला. तुम्ही परत विचारलं, परत, मग आईबहिणीवरून विचारलं. तो बिचारा पोरांची शपथ घ्यायला लागला. मग तुम्ही माझ्याकडे वळलात, आवाज एकदम खाली आणलात. "जवाईबापू, तुमी तं काई काहाडलं नाई न?" मी म्हटलं, "नाई, मामाजी." आणि मामाजी, एवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवतो, त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो. मला आठवतच नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं, बैल म्हणून विचारलं असतं, तर डोकं खाजवून आठवलं असतं. पण मला दुसऱ्यांदा कसं विचारणार? तुम्ही मान हलवली आणि तिथेच उभ्या असलेल्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं की आठवड्याच्या आत झालं नाही तर गाडी नागपूरला दाखवा. तुमच्या हातून कुठलीच गाडी अशी परत गेली नव्हती. त्या संध्याकाळी तुम्ही भाकरीचा एकच तुकडा मोडला.

दोन दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी मला सोबत घेतलं, धूर कधी सुरू होतो ते पाहायला. तळेगावच्या बाजूला चांगले दहा-बारा मैल गेलो. सकाळची थंडी, खिडकीतून वारा, मागे काळी रेघ. मी सहज समोर पाहिलं तर तापमानाचा काटा तळाला टेकलेला. इतकं पळूनही तळाला. ते माझ्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की पहिल्यांदा बरंच वाटलं, गाडी तब्येतीत आहे! आणि मग वैशाखात डालड्याच्या डब्यात टाकलेला तो वॉल आठवला. इंजिन खरंच थंड होतं. तारेनं खरी बातमी दिली होती, डब्यानं खरं ऐकलं होतं, तुमच्या नाकानं खरं सांगितलं होतं. त्या सगळ्यांत लबाड मी एकटा होतो, आणि मलाच ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. परतताना मी वाक्यं जुळवत होतो. पण वेल्डरनं शपथा खाल्लेल्या, डॉक्टरसाहेबांसमोर मी नाही म्हटलेलं, आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? चारचौघांत हसून म्हटलं असतं, "होते असं, जवाईबापू," आणि मला कपबशीत चहा दिला असता. ते मला सहन झालं नसतं. एवढंच नव्हतं. मला भीती वाटली, हेही लिहितो.

तुम्ही आठवडी बाजाराला गेलात त्या सकाळी मी डालड्याचा डबा पालथा केला आणि तो वॉल शोधला. परदेशी होता, ओळखू आला. बिघडलेला नाही ना हे पाहायला हवं होतं, म्हणून सैपाकघरात गेलो, चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं, वॉल दोरीला बांधून पाण्यात सोडला. तुमची लेक पोळ्या लाटत होती. "हे काय उकयून राह्यले?" "वॉल पाहून राह्यलो." "कोन्या गाडीचा?" "हाय एक." पाणी उकळायला आलं तसा तो हळूच उघडला, बाहेर काढला तसा मिटला. वॉल शाबूत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण पुढे विचारलं नाही. मी वॉल बसवला, पाणी भरलं. डॉक्टरसाहेब तळेगावपर्यंत जाऊन आले आणि गाडीच्या मागे धुराचा ठिपका नव्हता.

तुम्ही भाजीची थैली घेऊन आलात तर ते अंगणातच उभे. "मिस्त्री, तुमच्या जावयानं बाजी मारली!" तुमचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "काय होतं, जवाईबापू?" आणि मी म्हटलं, "तार ढिली होती, मामाजी. पान्याची." तोंडातून ते कसं निघालं मला आजवर कळलेलं नाही. बोनेट उघडंच होतं. तुम्ही थैली खाली ठेवली, ती तार दोन बोटांत धरली, ओढली, आणि मग तारेकडे न बघता आपल्या बोटांकडे बघत राहिलात. "म्या पाह्यलीती ते," हळूच म्हणालात. मी म्हटलं, "कधी कधी समजत नाई." हे वाक्य तर मी वैऱ्यालाही बोलणार नाही. दुपारी चहा आला. तुम्ही कप नाकाशी नेऊन थांबलात. "बाई, चहाले रेडिएटरचा वास कायचा येते?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पातेलं नीट घासल्या गेलं नसंन, बाबा." तुम्ही चहा पिऊन टाकलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तो लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, तुमचा पेचकस, माझ्या हातात दिलात, ज्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तुम्ही आतलं सगळं ऐकायचे. "आता हे तुमी वापरा. आपले डोये गेले." मी घेतला. नको म्हणायला हवं होतं, पण हात पुढे झाला. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही एकही इंजिन खोललं नाही. वेल्डिंगच्या शेडजवळ खाटेवर बसून प्लग घासायचे. मात्र माझी गाडी तयार झाली की उठून यायचे, बोनेटमध्ये वाकून एकेक तार दोन बोटांत धरून ओढायचे आणि माझ्याकडे बघायचे. "घट्ट हाय न?" "घट्ट हाय, मामाजी." ज्या गाडीला मोजून चार तारा, तिच्याही ओढायचे. लोकांना वाटे म्हाताऱ्याची सवय आहे.

पण पुढच्या उन्हाळ्यात एक झालं. मी एका ट्रकखाली पाठीवर पडलो होतो. डॉक्टरसाहेबांची गाडी पुन्हा तापून आली, वेल्डरनं बोनेट उघडलं. खाटेवरून तुमचा आवाज आला, "त्या गाडीचा वॉल काहाडजो नको." तो म्हणाला, "काऊन जी?" तुम्ही म्हणालात, "नको म्हनलं नं." कपाळावर ऑइल ठिबकत होतं तरी मी ट्रकखालून बाहेर निघालो नाही.

तेव्हापासून मी हे दोन्हीकडून उलटून पाहतो. तुम्हाला माहीत नसेल, वॉलचं तुम्ही असंच कुठून ऐकलं असेल, तर मग मी तुमच्याच हातावरचा तुमचा भरवसा काढून घेतला आणि तुमचं गॅरेज घेतलं. आणि माहीत असेल, त्या चहाच्या वासावरूनच तुम्ही सगळं ओळखलं असेल, तर आठ वर्षं तुम्ही एकेका तारेवर मला तेच विचारत होता, जावयाला दुसऱ्यांदा विचारता येत नाही म्हणून असं विचारत होता, आणि दरवेळी मी घट्ट आहे म्हणून निघून जात होतो. कोणतं जास्त वाईट, मला ठरवता येत नाही. तुमची लेक आत भाजी निवडते आहे. तुम्ही तिला काही बोलला होतात का, हे विचारलं तर ती सांगेल. आत्ता दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

वर्ध्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमच्या हाताला सलाईन लावलं होतं. तुम्ही दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ती नळी धरली, हलकेच ओढली आणि माझ्याकडे पाहिलंत. "पाहा बरं, जवाईबापू. ढिली तं नाई?" मी वाकून पाहिलं, म्हटलं, "नाई, मामाजी. घट्ट हाय." तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणालात, "मंग ठीक हाय," आणि डोळे मिटून घेतलेत.

पोरानं आज नवा वॉल बसवला. संध्याकाळी मी कोणाचं लक्ष नसताना त्या गाडीची पाण्याची तार ओढून पाहिली. ही कार्डं मी पेचकसाच्या खणात ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? दवाखान्यात मी तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. त्या बाजाराच्या दिवशीही तेच सांगायचं होतं. तुम्ही ओढून पाहिलीत तेव्हा ती तारही घट्टच होती, मामाजी. तुमच्या बोटांचं काही चुकलं नव्हतं. वॉल मी काढला होता. आता तरी मला बैल म्हणा.